स्टुडिबेकरची वेलांटी

तिकीट काढायच्या आधीच मामाने दारावरचं नाव मोठ्याने वाचलं. "ष्टुडीबेकर!" सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा चेहरा क्षणभर आठ वर्षांचा झाला. गिरगावात त्यांच्या चाळीसमोर एका डॉक्टरांची हिरवी स्टुडबेकर उभी असायची. तिचं नाक बंदुकीच्या गोळीसारखं टोकदार होतं. चाळीतली पोरं त्या नाकाला हात लावून पळून जायची पैज लावत.

आम्ही इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावी आलो होतो. शिकागोपासून हे सुमारे दीडशे किलोमीटर. मी शिकागोत लोकसंख्येच्या आकड्यांवर काम करते. मामाने पुण्यात आयुष्यभर मोडी कागद वाचले. त्याला मोटारी दाखवाव्यात एवढ्याच हेतूने मी त्याला स्टुडबेकर संग्रहालयात आणलं होतं. अब्राहम लिंकन ज्या बग्गीतून शेवटच्या रात्री नाटकाला गेले, ती बग्गी इथे आहे. मामा तिच्यापुढे हात जोडल्यासारखा उभा राहिला आणि मग वळून म्हणाला, "आता मला सांग, हे नाव कुठलं?"

"जर्मन. आणि दुर्मिळ. अमेरिकेतले बहुतेक स्टुडबेकर एकाच कुटुंबाचे वंशज मानले जातात."

"मग तर सोपं आहे," मामा म्हणाला. "दुर्मिळ आडनाव म्हणजे पत्ता लिहिलेलं पाकीट. पाटील म्हटलं तर कुठला पाटील ते विचारावं लागतं. पण हजार घरांत एक असं आडनाव सापडलं की मी तुला त्याचं गाव, शिवार, कधीकधी विहीरसुद्धा दाखवीन. अर्थ काय आहे याचा?"

इथूनच आमचं वाजलं. कारण अर्थ एक नाही, दोन आहेत. उत्तर जर्मनीच्या आणि ऱ्हाईनकाठच्या बोलीत 'श्टूटन' म्हणजे यीस्ट घालून भाजलेला मऊ पांढरा पाव, आणि 'बेकर' म्हणजे भाजणारा. झाला पाववाला. पण 'श्टूट' म्हणजे घोडीही, आणि त्याच मुलखात 'बेक' म्हणजे ओढा. म्हणजे घोड्यांच्या ओढ्याकाठचा राहणारा. आपल्या 'कर'सारखाच तो शेवटचा 'अर'.

"ओढ्याचाच," मामाने निकाल दिला. "गावावरून, पाण्यावरून पडलेली नावं टिकतात."

"पण मामा, मूळ माणसं पाव भाजत नव्हती आणि घोड्याही राखत नव्हती. ती झोलिंगनची होती. पाती घडवणारे लोहार."

झोलिंगन हे नाव ऐकताच मामा बाकावर बसला. मराठ्यांच्या फिरंग तलवारींची पाती युरोपातून येत, आणि त्यांतली काही झोलिंगनची असत, हे त्याला माझ्याआधी ठाऊक होतं. अशा पात्यांवरचे कारागिरांचे छाप त्याने पाहिले होते. "म्हणजे त्या भट्ट्यांमधली माणसं इथे आली?"

आली. १ सप्टेंबर १७३६ रोजी 'हार्ल' नावाचं जहाज रॉटरडॅमहून फिलाडेल्फियाला लागलं. त्यात पेटर, क्लेमेंट आणि हाइनरिख हे तिघं होते. बरोबर बायका होत्या. मामाने लगेच बोटांवर हिशेब केला. "थोरले बाजीराव दिल्लीवर धडकायच्या आदल्या वर्षी."

"आणि पेटरने १७४०च्या सुमारास मेरीलँडमध्ये हॅगर्सटाउनजवळ शंभर एकर जमीन घेतली. तिथे जमिनीच्या तुकड्यांना नावं देऊन नोंदवायची पद्धत होती. या तुकड्याचं नाव 'बेकर्स लुकआउट'. पाववाल्याची टेहळणी म्हण हवं तर. ओढा चार वर्षांत आटला बघ. इंग्रजी कानाला 'बेकर' ऐकू आलं आणि तेच जमिनीवर उमटलं. लोहाराच्या जमिनीला पाववाल्याचं नाव पडलं. आता सांग, आडनावावरून तुला काय कळलं असतं?"

मामा हसला नाही. तो गंभीर झाला की उजव्या हाताची तर्जनी टेबलावर रेघ ओढल्यासारखी फिरवतो. "मला हे कळलं असतं," तो म्हणाला, "की नोंदणाऱ्या माणसाला जर्मन येत नव्हतं. हीसुद्धा माहितीच आहे. कागद खोटा नसतो गं. तो कुणाच्या कानातून आला ते ओळखावं लागतं."

मी त्याला फिलाडेल्फियाची रीत सांगितली. १७२७पासून पेनसिल्व्हेनियात उतरणाऱ्या परक्या पुरुषांना, वय सोळा नि वर, राजनिष्ठेची शपथ घेऊन सही करावी लागे. ज्यांना लिहिता येई ते आपल्या जर्मन वळणात सही करत. ज्यांना येत नसे ते फुली मारत आणि कारकून शेजारी ऐकलेलं नाव लिही. त्यामुळे एकाच माणसाचं नाव कप्तानाच्या यादीत एक, शपथेच्या यादीत दुसरं, आणि जमिनीच्या कागदात तिसरं असं सापडतं. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर अधिकाऱ्यांनी लोकांची नावं बदलली अशी गोष्ट अमेरिकेत घरोघरी सांगतात. ती खरी नाही. तिथले अधिकारी जहाजावर चढतानाच तयार झालेल्या याद्या हातात घेऊन काम करत, आणि जवळ दुभाषे असत. आणि हे बेट उघडलं १८९२मध्ये, म्हणजे 'हार्ल' लागल्याला दीडशेहून अधिक वर्षं झाल्यावर. स्टुडबेकरचं जे व्हायचं ते केव्हाच होऊन गेलं होतं.

"शिंद्यांचं सिंदिया झालं तेव्हा कुणी शिंद्यांना विचारलं होतं का?" मामा म्हणाला. "पण घराणं तेच राहिलं ना?"

"घराणं तेच राहिलं. पण मोजणीत दोन झाली."

ही माझी जागा होती आणि मी ती सोडणार नव्हते. ओहायोच्या डार्क परगण्यात आणि पूर्व इंडियानात 'स्टुडाबेकर' लिहिणारी मंडळी आहेत, मधे 'डा'. जनगणनेचं यंत्र त्यांना वेगळं आडनाव समजतं. २०१०च्या जनगणनेनंतर शंभर किंवा अधिक माणसांनी लावलेल्या आडनावांची यादी निघाली. तिच्यात १,६२,२५३ आडनावं होती. सगळ्यात वर स्मिथ, चोवीस लाखांहून जास्त. पण त्याआधीच्या, २०००च्या जनगणनेत सापडलेली एकूण वेगवेगळी आडनावं साठ लाखांच्या वर गेली होती आणि त्यांतली सुमारे ६५ टक्के केवळ एकेका माणसाची होती.

"एकाच माणसाचं आडनाव?" मामा थबकला. "एवढी घराणी संपत आली?"

"संपत आली असं नाही. त्यांतली कितीतरी चुकीची अक्षरं आहेत, दोन नावं जोडून लिहिलेली आहेत, परदेशातून काल आलेली आहेत. माझं आडनाव या देशात तसंच असेल. दुर्मिळ असणं म्हणजे प्राचीन असणं नव्हे, हेच मी म्हणतेय. दुर्मिळपणा बहुतेक वेळा लेखणीतून येतो."

"बहुतेक वेळा," मामाने शब्द उचलला. "म्हणजे नेहमी नाही."

नेहमी नाही, हे मलाही मान्य करावं लागलं. १८७३मध्ये फ्रान्सिस गॅल्टनने गणितज्ञांपुढे कोडं टाकलं होतं: आडनाव फक्त मुलग्यांतून पुढे जात असेल, तर किती पिढ्यांत ते बुडेल? हेन्री वॉटसन नावाच्या पाद्र्याने ते सोडवलं. त्याचा निष्कर्ष थोडा जास्तच निराशेचा होता. सगळी नावं शेवटी बुडणार, असं त्याला वाटलं. खरं गणित असं की प्रत्येक पुरुषामागे सरासरी एकाहून अधिक मुलगे वाढत असतील तर नाव तरण्याची शक्यता उरते. पण सुरुवातीच्या दोनतीन पिढ्या भयंकर असतात. एखादा ताप, एखादी लढाई, ओळीने चार मुली, की नाव संपलं. पहिल्या पिढ्या निभावल्या की मात्र ते झाडासारखं फोफावतं.

स्टुडबेकर निभावले, याला एक कारण होतं. ते जर्मन बाप्टिस्ट ब्रदरन पंथात होते, ज्यांना लोक 'डंकर' म्हणत. १७०८मध्ये जर्मनीतल्या श्वार्त्सेनाउ गावी स्थापन झालेला हा पंथ. शेती, साधेपणा, मोठी कुटुंबं, आणि लग्नंही बहुधा आपसांत. कुटुंबं सुपीक जमिनीच्या शोधात पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँडहून ओहायोत, तिथून इंडियानात सरकली. एक गेला की मागून मेहुणे आणि चुलते. अशा नावाचा नकाशा काढला तर तो देशभर सांडलेला दिसत नाही, तो रस्त्यासारखा पश्चिमेकडे जाताना दिसतो. मला हा नकाशा फार सुंदर वाटतो. मी रोज आकडे बघते, पण आकड्यांमागे बैलगाड्यांची चाकोरी दिसावी असं क्वचित घडतं.

"मग त्यांचे बारशाचे दाखले चर्चमध्ये असतील," मामा म्हणाला. तो आता मुळापर्यंत जायच्या तयारीत होता.

"नाहीत. डंकर लोक तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. माणूस जाणता झाला, स्वतः हो म्हणाला, की मग वाहत्या पाण्यात. ल्यूथरच्या पंथातली जर्मन कुटुंबं जिथे जन्माच्या आठवड्यात नोंदली जात, तिथे यांचं मूल दहा वर्षांचं होऊन वारलं तरी चर्चच्या वहीत त्याचा मागमूस नसे."

मामा बराच वेळ गप्प बसला. ज्या माणसाने वतनाच्या कागदात चारशे वर्षांची मुलं शोधली, त्याला हे लागलं. मग तो हळूच म्हणाला, "मग जमीन. मृत्युपत्रं. थडग्यांचे दगड. घरच्या बायबलच्या कोऱ्या पानावर लिहिलेल्या जन्मतारखा. नोंद नसली तर माणसाने दुसरीकडे रेघ ओढलेली असते."

त्याने बरोबर तीच यादी सांगितली, जी इथले वंशावळी काढणारे सांगतात. वॉल्टर कार्लॉकने स्टुडबेकरांची १७३६पासूनची मोठी वंशावळ ग्रंथरूपात काढली, ती अशाच तुकड्यांतून.

आम्ही गाड्यांच्या दालनात आलो. इथली कथा जगाला ठाऊक आहे. फेब्रुवारी १८५२मध्ये हेन्री आणि क्लेमेंट या पुढच्या पिढ्यांतल्या स्टुडबेकर भावांनी अडुसष्ट डॉलर आणि लोहारकामाच्या अवजारांचे दोन संच घेऊन याच गावात दुकान थाटलं. तिसरा भाऊ जॉन कॅलिफोर्नियात सोनं शोधायला गेला आणि खाणकामगारांसाठी हातगाड्या बनवून आठ हजार डॉलर घेऊन परतला. हेन्रीला डंकर म्हणून सैन्याला गाड्या पुरवणं सहन होईना. १८५८मध्ये त्याने आपला वाटा जॉनला विकला आणि तो शेतीकडे गेला. मी मामाला म्हटलं, "या दालनात सगळं लोखंड, लाकूड आणि रबर आहे. पण मला हा हेन्री सगळ्यात मोठा वाटतो."

"मलाही," मामा म्हणाला. त्या दिवशी आमचं इतकं पटकन एकमत दुसऱ्या कशावर झालं नाही.

पण वाद संपला नव्हता. मी म्हटलं, "आडनावाने मूळ कळतं, या विश्वासाचं पुढे काय झालं तेही ऐक. १९२४मध्ये अमेरिकेने कायदा केला की कुठल्या देशातून किती माणसं येऊ द्यायची, ते अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांच्या मूळ वंशांच्या प्रमाणात ठरवायचं. मूळ वंश कसा मोजणार? १७९०च्या पहिल्या जनगणनेतली कुटुंबप्रमुखांची नावं होती. १९०९मध्ये जनगणना खात्याने ती नावं वाचून अंदाज काढला होता: जर्मन ५.६ टक्के, आणि इंग्रज ऐंशी टक्क्यांहून जास्त."

"पण म्युलरचा मिलर झाला असेल तर?"

"तर तो इंग्रज. श्मिटचा स्मिथ झाला तर तोही इंग्रज. कारकुनाच्या कानाने केलेली चूक दीडशे वर्षांनी कायद्याचा आकडा झाली. जर्मन आणि आयरिश वंशाच्या लोकांनी ओरड केली, तेव्हा हॉवर्ड बार्कर आणि मार्कस हॅन्सन या दोन अभ्यासकांनी सगळं पुन्हा तपासलं. १९३१मध्ये त्यांचा अहवाल आला, त्यात जर्मनांचा वाटा ८.७ टक्के निघाला. त्याआधीच, १९२९मध्ये, नवे कोटे लागू झाले होते. जर्मनीचा वर्षाचा कोटा ५१,२२७ वरून २५,९५७ वर आला आणि ब्रिटनचा ३४,००७ वरून ६५,७२१ वर गेला. चार वर्षांनी जर्मनीत हिटलर आला, आणि जीव वाचवायला निघालेल्या लोकांना याच आकड्यांच्या दाराशी थांबावं लागलं."

मामाची तर्जनी थांबली. संग्रहालयाच्या त्या कोपऱ्यात आम्ही दोघंच होतो.

"हे मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "पण एक विचारतो. बार्करने चूक कशाने पकडली?"

मला उत्तर द्यावंच लागलं. "ज्या नावांचा दुसऱ्या कुठल्या भाषेत घोटाळा होऊ शकत नाही, अशी ठळक नावं त्याने वेगळी काढली. ती मूळ देशात किती टक्के लोकांची आणि इथे किती, हे ताडून पाहिलं."

"म्हणजे स्टुडबेकरसारखी."

"हो. तशीच."

"मग नावाने केलेली चूक नावानेच सुधारली ना? तू मला नावं टाकून द्यायला सांगू नकोस. नीट वाचायला सांग."

मी म्हटलं, टाकून द्यायला मी सांगतच नाही. पण आज स्टुडबेकर आडनाव लावणारी एखादी बाई घे. दहा पिढ्या मागे तिचे १,०२४ पूर्वज. त्यांतल्या एकाने तिला आडनाव दिलं. उरलेले १,०२३ इंग्रज, आयरिश, स्विस, कोण होते कुणास ठाऊक. आणि उलटं पाहिलं तर पेटर-क्लेमेंटच्या मुलींचे वंशज स्टुडबेकरांहून कमी नसणार, पण ते मिलर, उलरिख, मोहलर अशी नावं लावून फिरताहेत. सुमारे साडेचार कोटी अमेरिकन आज आपलं मूळ जर्मन सांगतात. त्यांतल्या कितीजणांच्या आडनावावरून ते ओळखू येईल?

"फिलाडेल्फियाच्या शपथेच्या यादीत बायका होत्या?" मामाने अचानक विचारलं.

"नाही. सह्या पुरुषांच्याच."

मामाने मान हलवली. आपल्याकडच्या वंशावळींत मुलींसाठी फार तर 'कन्या २' असं लिहिलेलं त्याने शेकडो वेळा वाचलेलं आहे. माझी आई, म्हणजे त्याची बहीण, अशाच एका कागदावर आकडा म्हणून आहे. ते त्याने मला पूर्वी एकदा सांगितलं होतं आणि सांगताना त्याचा आवाज फुटला होता.

दुसऱ्या महायुद्धातला लष्करी ट्रक पाहून तो पुन्हा बोलायला लागला. स्टुडबेकरने असे सुमारे दोन लाख ट्रक बांधले आणि त्यांतले निम्म्याहून जास्त सोव्हिएत रशियाला गेले. तिथे त्यांच्यावर कात्युशा रॉकेटं बसवली गेली. रशियन सैनिक 'स्टुडेबेकर' या नावाने ट्रकच ओळखत. त्यांना त्यात पाववालाही ऐकू आला नाही आणि ओढाही. नोव्हेंबर १९४४मध्ये झोलिंगनवर दोन दिवस बॉम्ब पडले, जुनं गाव जळालं. आणि पुढच्या वसंतात त्याच गावातून दोनशे वर्षांपूर्वी निघालेलं नाव पूर्वेकडून बर्लिनमध्ये शिरलं. मी मामाला म्हटलं, इथे मला तुझ्या बाजूने किंवा माझ्या बाजूने काही बोलवत नाही.

बाहेर पडण्यापूर्वी मी त्याला शेवटची गोष्ट सांगितली. खरं तर सांगायची नव्हती, कारण ती माझ्या बाजूची आहे असं मला वाटत होतं. अठराव्या शतकाच्या मध्याला पेनसिल्व्हेनियाच्या सीमेवर लढाई पेटली तेव्हा एलिझाबेथ नावाची एक लहान मुलगी ओहायो खोऱ्यातल्या मूळनिवासी लोकांनी पकडून नेली. १७६४मध्ये कर्नल बुके सैन्य घेऊन गेला आणि त्याने सगळ्या गोऱ्या कैद्यांना परत करायला लावलं. दोनशेहून जास्त माणसं परत आणली गेली. त्यांतली कितीजणं रडत होती, कारण मूल म्हणून गेलेल्यांना तेच आपलं घर वाटत होतं. एलिझाबेथला आणलं, आणि ती वाटेतून पळून पुन्हा त्या गावांकडे गेली.

"मोहिमेच्या नोंदींत तिचं नाव आहे," मी म्हटलं. "आडनाव स्टुडबेकर. पण तिने ते आडनावच सोडलं, मामा. ज्या वस्तीत ती परत गेली तिथे त्या नावाला काही अर्थ नव्हता. तुझं पत्ता लिहिलेलं पाकीट आतल्या माणसाने फाडलं."

"कसं लिहिलंय ते?" मामाने विचारलं. "अक्षरं सांग."

मी फोनवर ती नोंद काढून दाखवली. 'स्टुडिबेकर'. मधे 'ड' नाही, 'डि'.

मामाने खिशातून लहान वही काढली. तो खूप वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "दुसरं काही नाही तिचं? चिठ्ठी, सही, काही?"

"हे नावच."

"तिने सोडलं ते बरोबर केलं," तो म्हणाला. "तिचं घर तिने ठरवलं. पण कुणीतरी हे लिहिलं नसतं, तर आज आपण दोघं तिच्याबद्दल बोलत नसतो. तुझ्या त्या यादीत शंभराच्या खालचं नाव छापत नाहीत म्हणालीस ना?"

"नाही छापत."

"मग माझ्याकडे राहू दे."

त्याने वहीत मोडीत नाव लिहिलं, न थांबता, हात न उचलता. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नसतं, वेलांटी एकच. ती त्याने जरा जास्त लांब ओढली. मग पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं, जवळपास कुठे चहा मिळेल का.